उकिरड्याकाठचा काळा एल्डर

काळा एल्डर हे मूळचं युरोपाकडचं झाड, पण इंदोरात तो भेटतो तो बाटलीत. होमिओपॅथीची पेटी बाळगणाऱ्या घरांत तो ‘सॅम्ब्युकस नायग्रा’ या नावाने असतो, रात्री नाक चोंदून दचकून उठणाऱ्या तान्ह्या बाळासाठी. मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर तो जांभळ्या गमीजच्या बरणीत असतो, नाहीतर खोकल्याच्या औषधांशेजारी सिरप म्हणून. कोविडच्या साथीपासून हे जरा जास्तच वाढलं. मोठ्या दुकानांत परदेशी सरबतांच्या फळीवर त्याची फुलं साखरेच्या पाकात उतरलेली असतात. इतक्या वाटांनी घरात शिरणारं हे झाड शहरात मात्र उभं दिसत नाही. राजवाड्यापासून राळामंडळपर्यंत कुणी बोट दाखवून ‘हा बघा एल्डर’ म्हणालंच, तर ते दुसरं काहीतरी निघण्याची शक्यता फार मोठी.

ते दुसरं काहीतरी बहुतेक वेळा टेकोमा असतं. बंगल्यांच्या कुंपणाला आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर पिवळ्या घंटांनी लगडलेलं हे झुडूप नर्सरीत ‘येलो एल्डर’ म्हणूनही विकलं जातं. एल्डरशी त्याचं नातं काही नाही. टेकोमा स्टान्स हे मूळचं अमेरिका खंडातलं, वेगळ्याच कुळातलं. पण घोटाळा अगदीच बिनबुडाचा नाही. दोघांची पानं फांदीवर समोरासमोर येतात, एका देठावर पाच-सात पर्णिका असतात आणि पर्णिकांच्या कडा दातेरी असतात. फुलं नसतील तेव्हा चांगल्या माहितगाराचीही फसगत व्हावी. अशा वेळी पेरभर कोवळी फांदी मोडून पाहावी. एल्डरच्या फांदीत पांढरंशुभ्र, हलकं, नखाने दबणारं भेंड असतं, आणि ते इतकं जाड की त्याच्याभोवती लाकडाचं नुसतं कडं उरतं. सालीवर बोट फिरवलं तर उठावदार ठिपके लागतात. पान चुरगळलं की नकोसा, उग्र वास येतो. टेकोमाला लांब चपट्या शेंगा धरतात. एल्डरला शेंग धरत नाही.

खरा काळा एल्डर युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेचा कडेचा पट्टा इथला. मोठं झुडूप किंवा लहान झाड, साधारण सहा मीटरपर्यंत, क्वचित दहा. हिवाळ्यात पानं झडतात. कोवळी साल राखाडी, जुनी झाली की बुचासारखी जाड आणि भेगाळ. मे-जूनमध्ये तळहाताएवढे किंवा त्याहून मोठे, दहा ते पंचवीस सेंटिमीटर रुंदीचे सपाट झुबके येतात. प्रत्येक झुबक्यात पाच-सहा मिलिमीटरची शेकडो पिवळसर पांढरी फुलं असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच जागी काळीजांभळी, चकचकीत, वाटाण्याहून लहान फळं धरतात आणि पिकता पिकता त्यांच्या भाराने आख्खा झुबका खाली वळतो. हे खाली वळणं लक्षात ठेवण्याजोगं आहे. युरोपातच त्याचा एक विषारी भाऊबंद वाढतो, सॅम्ब्युकस एब्युलस. त्याचीही फळं काळी, पण झुबके वर ताठ उभे राहतात, खोड लाकडी होत नाही आणि हिवाळ्यात तो जमिनीपर्यंत मरून जातो.

आता तो उगवतो कुठे, हा भाग. तिथे या झाडाचा स्वभाव कळतो. जंगलाच्या गाभ्यात एल्डर फारसा रमत नाही. गोठ्याची मागची बाजू, शेणखताचा ढीग, कबरस्तानाची भिंत, रेल्वेचा बांध, सशांच्या बिळांचं टेकाड, पडक्या घराचा उंबरा, अशा जागा त्याच्या. वनस्पती जमिनीतल्या कुठल्या गुणाकडे ओढ घेतात याची मध्य युरोपात एक मोजपट्टी वापरतात, एलेनबर्गची. तिच्यावर नत्राचा आकडा एक ते नऊ असतो आणि काळ्या एल्डरला पूर्ण नऊ मिळतात. जिथे माणसाने किंवा जनावराने वर्षानुवर्षं मूत्र, शेण, राख, हाडं, उष्टं टाकलं तिथे नत्र आणि स्फुरद साचतो, आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेलं एल्डरचं बी तिथे तग धरतं. ससे बाकी सगळं कुरतडतात पण याच्या पानांना तोंड लावत नाहीत, म्हणून बिळांच्या तोंडाशी हाच उरतो. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठच्या अश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात याच्या बिया निघाल्या आहेत. म्हणजे माणसाच्या कचऱ्याशी याची सोयरीक किमान पाचेक हजार वर्षं जुनी. वस्ती उठून गेली, भिंती मातीत मिळाल्या, तरी एल्डर आणि खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल तिथे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात. गाव कुठे होतं हे नकाशापेक्षा तीच खात्रीने सांगतात.

माळव्यात हे काम एरंड करतो. ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही म्हण आपण माणसांना टोचायला वापरतो, पण ती वनस्पतिशास्त्राच्या अंगानेही सरळ खरी आहे: ओसाड गावाची जमीन खतवलेली असते आणि एरंडाला तीच हवी असते. दोघांचं आणखी एक साम्य असं, की औषध आणि विष दोन्ही एकाच झाडात, फक्त वेगवेगळ्या भागांत. एरंडाच्या बीतलं रिसिन हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. म्हणून तेल पोटात घेता येतं आणि कच्ची पेंड जनावरालाही घालत नाहीत. एल्डरचं गणित थोडं वेगळं आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवं, कारण बाटलीतला एल्डर विकत घेणं सोपं आणि वाळलेली फळं मागवून घरी काढा करणं त्याहून सोपं झालं आहे.

एल्डरच्या पानांत, सालीत, मुळांत, हिरव्या फळांत आणि पिकल्या फळांच्या बियांत सॅम्ब्युनायग्रिन नावाचं द्रव्य असतं. ते पेशीत एका कप्प्यात असतं आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात. पान अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. चावलं, कुटलं, मिक्सरमध्ये फिरवलं की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. सोबत बेन्झाल्डिहाइड सुटतं, ज्याचा वास कडू बदामासारखा. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस, म्हणून उघड्या भांड्यात उकळलं की तो वाफेबरोबर निघून जातो. ‘उघड्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा. प्रेशर कुकर लावून, शिट्ट्या मोजून हे काम करायचं नाही.

यात परकं असं काही नाही. इंदोरात उपासाला आणि उपास नसतानाही मनसोक्त खाल्ला जाणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यातही अशाच जातीचं द्रव्य असतं. किसणं, धुणं, स्टार्च निथळू देणं, भाजणं या कामांत ते निघून जातं, म्हणून सराफ्यातली खिचडी निर्धास्त खाता येते. हे काम कारखान्यात कुणीतरी आपल्यासाठी करून ठेवलेलं असतं. एल्डरच्या बाबतीत ते स्वतः करावं लागतं.

न केल्यास काय होतं याची नोंद आहे. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरी भागात एका मेळाव्याला पंचवीस जण जमले होते. एल्डरची फळं पानं-फांद्यांसकट दाबून काढलेला कच्चा रस तिथे प्यायला ठेवला होता. तिथला एल्डर काळ्या एल्डरचा पश्चिम अमेरिकी भाऊ, पण रसायन तेच. पाव तासात अकरा जणांना मळमळ, उलट्या, पोटात कळा, चक्कर, हातपाय बधिर होणं सुरू झालं. आठ जणांना हेलिकॉप्टरने इस्पितळात न्यावं लागलं, आणि ज्याने सर्वांत जास्त, पाच ग्लास प्यायले होते, त्याला गुंगी आल्यामुळे रात्रभर ठेवून घेतलं. सगळे बरे झाले. चूक होती ती पानं-फांद्या न काढण्यात आणि न उकळण्यात.

यावरून भागांचा हिशेब सरळ लागतो. मूळ, साल, पान: काही झालं तरी पोटात नाही. जुन्या युरोपी औषधांत साल जुलाबासाठी देत. ते सोडून दिलं गेलं यात तोटा कुणाचाच झाला नाही. फूल: देठ जितके काढता येतील तितके काढून, चालतं. फळ: पूर्ण काळं झालेलं, शिजवलेलं आणि बी गाळून टाकलेलं. मुलांनी ओल्या फांदीतलं भेंड ढकलून पुंगी किंवा फुंकनळी केली आणि तोंडात धरली, तर त्यानेही विषबाधा होऊ शकते.

भेंडाचा विषय निघालाच आहे तर, लग्नातल्या बाशिंगाचं आपलं भेंड पाणथळ जागी वाढणाऱ्या वेगळ्याच वनस्पतीचं, पण गुण सारखेच: वजन नाही, आकार देता येतो, सुरीने सफाईदार कापलं जातं. अठराव्या शतकात विद्युतभाराच्या प्रयोगांत रेशमी दोऱ्याला टांगलेले छोटे गोळे एल्डरच्या भेंडाचे असत. घड्याळजी बारीक चाकांच्या आसांची टोकं त्यात खुपसून साफ करत. युरोपात वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला पानाचा पातळ छेद घेताना पान दोन भेंडांच्या तुकड्यांत धरतात. आपल्याकडे तेच काम बटाट्याची किंवा गाजराची फोड करते.

फळाच्या रंगाचा इतिहास जास्त चटकदार आहे. त्यातली अँथोसायनिनं, म्हणजे लाल-जांभळी रंगद्रव्यं, इतकी गडद, की थोड्याशा रसाने फिकी वाइन भारदस्त दिसू लागते. पोर्तुगालमध्ये दोउरोच्या खोऱ्यातल्या पोर्ट वाइनमध्ये ही भेसळ इतकी बोकाळली, की १७५६ मध्ये वाइनच्या व्यापारासाठी सरकारी कंपनी उभारणाऱ्या पोम्बाल या पोर्तुगीज मंत्र्याच्या कारकिर्दीत त्या भागातली एल्डरची झाडंच उपटून काढण्याचे हुकूम सुटले. भेसळ करणारा सापडेना म्हणून झाडाला शिक्षा. आज हाच रंग अँथोसायनिन गटातला खाद्यरंग म्हणून उजळ माथ्याने वापरला जातो, आणि ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क भागात ‘हाशबेर्ग’ या जातीच्या बागा त्यासाठी लावतात.

मग इंदोरात लावावा का? हौस म्हणून एखादी कुंडी ठीक, झुबके आणि फळांच्या आशेने नको. कारणं तीन आहेत आणि तिन्ही जमीन-हवेची. पहिलं, उन्हाळा. एल्डरची पानं पातळ आणि मोठी, मुळं उथळ. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या कोरड्या झळांत पानांतून उडणारं पाणी मुळं पुरवू शकत नाहीत आणि कडा करपत जातात. दुसरं, माती. माळव्याची काळी माती बेसॉल्टची, चिकणमातीने भरलेली. उन्हात आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात आणि उथळ मुळं त्यात तुटतात. जुलै-ऑगस्टमध्ये तीच माती फुगून हवा कोंडते. एल्डरला ओल आवडते, तुंबलेलं पाणी नाही; मुळं कुजतात. चुनखडीचं वावडं त्याला नाही, पण या मातीत नत्र आणि सेंद्रिय कर्ब मुळातच कमी, म्हणजे त्याची पहिली भूकच भागत नाही. तिसरं, हिवाळा. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, कितीही गार असली तरी काही आठवडे रात्री दहा अंशांजवळ आणि दुपारी पंचवीसच्या पुढे, ही युरोपी पानझडीची झोप नव्हे. झाड ना धड झोपतं ना धड जागं राहतं, आणि फुलोऱ्याचा भरवसा राहत नाही.

गंमत अशी, की नत्राची भूक भागवणं इंदोरात सर्वांत सोपं. एल्डरला उकिरडा हवा आणि हे शहर उकिरडा उरूच देत नाही. पण ओला कचरा वेगळा गोळा करण्याची इतकी सवय घरोघर मुरली आहे, की गच्चीवरच्या ड्रममध्ये खत करणारे प्रत्येक गल्लीत सापडतील. कुंडी करायचीच असेल तर दीड-दोन फूट खोलीची घ्यावी. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू किंवा मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. सकाळचं ऊन, पण बारा वाजायच्या आत सावली यायला हवी. मातीवर चार बोटं जाडीचा पालापाचोळा. पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवावी. काळ्या एल्डरऐवजी अमेरिकी एल्डर, सॅम्ब्युकस कॅनाडेन्सिस, मिळाला तर तो घ्यावा. तो फ्लोरिडाच्या उष्णतेतही फुलतो आणि चालू वर्षाच्या नव्या फुटीवर बहर देतो. काळा एल्डर मागच्या वर्षीच्या फांदीवर बहरतो, म्हणून त्याची दरवर्षी सपाट छाटणी करणारा माळी दरवर्षी बहरही कापून टाकतो.

बियांचं पाकीट ऑनलाइन मागवण्याचा मोह टाळावा. एक तर परदेशातून येणारं बी-रोप २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली येतं. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसलेलं पाकीट बेकायदा आहे, भले ते टपालाने बिनबोभाट येवो. दुसरं म्हणजे या बीला दुहेरी सुप्तावस्था असते. आधी दोन-तीन महिने ओलसर उबेत, मग तीन-चार महिने फ्रिजमध्ये चार अंशांवर ओल्या वाळूत ठेवल्याशिवाय ते उगवत नाही. नुसतं कुंडीत पेरून महिनाभर पाणी घालणाऱ्याला शेवटी तण उगवलेलं दिसतं, आणि त्यालाच तो एल्डर समजतो. कटिंग मिळाली तर काम सोपं: हिवाळ्यात पेन्सिलएवढ्या जाडीची, वीतभर लांब, दोन पेरं मातीत आणि एक वर.

हिमालयात त्याचे नातेवाईक आहेत हे खरं. काश्मीर-हिमाचलात सॅम्ब्युकस वाइटियाना वाटेकडेला माजतो, सिक्कीमकडे सॅम्ब्युकस ॲडनाटा. पण ते काळा एल्डर नाहीत. सहलीत लाल-नारिंगी फळांचे झुबके दिसले म्हणून तोडून काढा करू नये.

वाळलेल्या फळांचा काढा करणारे पुष्कळ आहेत, म्हणून प्रमाण सांगतो. शंभर ग्रॅम फळं निवडून घ्यावीत. देठांचे तुकडे, हिरवट किंवा लालसर दाणे बाजूला. एक लिटर पाण्यात तासभर भिजवून त्याच पाण्यासकट स्टीलच्या उघड्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळावं, पाणी निम्मं होईपर्यंत. ॲल्युमिनियमचं भांडं नको. आंबट रस त्याला खातो आणि रंग मळतो. मलमलीतून गाळताना पळीने दाबलं तर चालेल, पण मिक्सरमध्ये फिरवू नये, बिया अखंडच बाहेर जायला हव्यात. कोमट झाल्यावर दोन मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव किलो मध. लिंबू चवीपुरतं नाही: एल्डरच्या फळात आम्ल बेताचंच असतं, आणि आम्ल कमी पडलेलं सिरप टिकत नाही. फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे, त्यापुढे नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मधामुळे देऊ नये. वाळलेली फळं नुसती दळून चूर्ण म्हणून चमचाभर घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. त्यात बिया कच्च्याच पोटात जातात.

रंगाची परीक्षा घेण्याची पद्धत आहे: थेंबभर काढ्यात खाण्याचा सोडा टाकला की निळा-हिरवा, लिंबू पिळलं की लाल. पण ही परीक्षा जांभूळही पास होतं. तिच्यावरून फळात अँथोसायनिन आहे एवढंच कळतं, एल्डर आहे हे नव्हे. आणि गुणांचं म्हणाल तर सर्दी-तापाचे दिवस थोडे कमी होतात असं सुचवणाऱ्या काही छोट्या चाचण्या आहेत. त्या जोरावर बाटलीवर जे छापतात ते फार पुढचं आहे. गडद रंगाचं आंबटगोड फळच हवं असेल तर उन्हाळ्यात फालसा आणि पावसाच्या तोंडावर जांभूळ हातगाडीवर येतात, स्वस्त आणि ताजे, आणि त्यांचा गर कच्चा खाता येतो.

फुलांची गोष्ट निराळी. तो वास इथल्या कुठल्याही फळाफुलात नाही. मस्कती द्राक्षाच्या जवळचा, थोडा मधाळ. चहासाठी कपभर उकळत्या पाण्यात तीन ग्रॅम वाळलेली फुलं, झाकून दहा मिनिटं, गाळून. फुलं विकत घेताना रंग पाहावा: लोण्यासारखा फिका पिवळा चांगला, तपकिरी म्हणजे वाळवताना ओल राहिली किंवा जास्त आच लागली. पाकिटात जाड हिरवे देठ दिसले तर परत करावं.

सरबतासाठी एक लिटर पाणी, सातशे ग्रॅम साखर उकळून साखर पूर्ण विरघळू द्यावी. पाक हाताला सोसेल इतका गरम राहिला की तीस ग्रॅम फुलं, चार कागदी लिंबांचा रस आणि पंचवीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालावं. विलायती पाककृतींत लिंबाच्या चकत्या सालीसकट टाकतात. आपल्या कागदी लिंबाच्या सालीने सरबत कडवट होतं, म्हणून फक्त रस. तिथे हे पातेलं ओट्यावर दोन दिवस झाकून ठेवतात. इंदोरच्या मे महिन्यात तसं केलं तर दुसऱ्या सकाळी वर फेस दिसेल, कारण हवेतलं आणि भांड्यांवरचं यीस्ट गोड पाण्यात आणि अशा उकाड्यात झपाट्याने वाढतं. गार झालं की फ्रिजमध्ये बारा तास पुरे. मग दुहेरी मलमलीतून गाळून पुन्हा ऐंशी अंशांपर्यंत तापवावं, उकळी येऊ देऊ नये, नाहीतर वास उडतो, आणि गरम असतानाच धुऊन-वाळवून तापवलेल्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावं. बाटली फ्रिजमध्ये महिनाभर टिकते. पिताना एक भाग सरबत, सहा भाग गार पाणी. झाकण उघडताना फस्स आवाज आला तर आंबायला सुरुवात झाली आहे. उरलेल्या बाटल्याही त्याच दिवशी उघडून पाहाव्यात, कारण काचेची घट्ट बंद बाटली अशा दाबाने फुटते आणि फ्रिजची काचेची फळीही सोबत नेते.